रस्ता रुंद झाला, घर लांब गेलं

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी 'माझे वडील' हा निबंध देते. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना असे घरगुती विषय बरे पडतात. शब्द कमी असले तरी मुलांना सांगायचं खूप असतं. अडेल तिथे उर्दू शब्द घाल, मी मराठी प्रतिशब्द वर लिहीन, असं मी आधीच सांगून ठेवते. यंदा वह्या तपासायला घेतल्या आणि चौथ्या-पाचव्या वहीपासूनच एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. एका मुलाने लिहिलं होतं, "अब्बू घरी आहेत की नाही, ते मी दारामागच्या हेल्मेटवरून ओळखतो." एका मुलीने लिहिलं होतं, "माझे अब्बा मला रविवारी दिसतात, पण ते झोपलेले असतात." तिसऱ्याने वडिलांच्या मोटारसायकलवरच निम्मं पान भरलं होतं. वडिलांविषयी दोनच ओळी होत्या.

मुलं तक्रार करत नव्हती, हे मला जास्त लागलं. त्यांना हे नेहमीचंच वाटत होतं.

मी शाळेत विचारलं, "कुठे जातात रे तुमचे अब्बा?" उत्तरं आली : भिवंडी, तळोजा, महापे, न्हावाशेवा, पडघा. मी पहिल्यांदा शिकवायला लागले तेव्हा याच प्रश्नाला मुलं भेंडीबाजार, मस्जिद बंदर, कुर्ला, क्रॉफर्ड मार्केट अशी उत्तरं द्यायची. म्हणजे वीसेक वर्षांत आमच्या मुंब्रा-कौशाच्या कमावत्या माणसांचं तोंड फिरलं आहे. आधी रेल्वेने मुंबईकडे जाणारे लोक आता मोठ्या संख्येने महामार्गाने उलट दिशेला, गोदामांकडे आणि कारखान्यांकडे जातात. त्यांच्यासाठी, निदान त्यांच्या नावाने, आमच्या चारी बाजूंना रस्ते रुंद होत आहेत. त्याविषयी मला थोडं बोलायचं आहे. मी काही वाहतूकतज्ज्ञ नाही. बी.एड. झालेली भाषाशिक्षिका आहे. पण रस्ता ओलांडून रोज शाळेत जाते आणि रस्त्याने पोसलेल्या घरांतली मुलं शिकवते, तेवढा अधिकार मला पुरेसा वाटतो.

मुंब्रा ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : एका बाजूला मुंब्रादेवीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि आम्ही. ठाण्याहून निघालेला तो रस्ता मुंब्रा, कौसा, शीळफाटा करत पनवेलला जातो. कौसा हे कोकणी मुसलमानांचं जुनं गाव. शेजारी शीळ, डायघर ही आगरी गावं. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली तेव्हा हा सगळा भाग तिच्यात आला, पण गावपण काही लगेच सुटलं नाही. मग १९९२-९३ आलं. मुंबईच्या दंगलीत घरं जळालेली, माणसं गमावलेली, किंवा नुसतीच भेदरलेली कुटुंबं इथे आली. ज्याला जिथे सुरक्षित वाटलं आणि जिथे परवडलं तिथे त्याने खोली घेतली. पाण्याची लाइन आहे का, जिना किती रुंद आहे, इमारतीला परवानगी आहे का, हे विचारायची ती वेळ नव्हती. त्या न विचारलेल्या प्रश्नांची किंमत पुढे मोजावी लागली. २०१३च्या एप्रिलमध्ये शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली.

घर इथे आलं, पण कामधंदा मुंबईतच राहिला. मुंब्रा हे असं उपनगर बनलं. बाकीची उपनगरं स्वस्त घरामुळे वाढली, आमचं भीतीमुळेही वाढलं. आणि वाढलं ते सगळं त्या एका रस्त्याला चिकटून. बाजार रस्त्यावर, शाळा रस्त्यावर, मशीद रस्त्यावर, रिक्षाथांबा रस्त्यावर, लग्नाचा हॉल रस्त्यावर. महामार्ग हाच आमचा मोहल्ला झाला.

त्यावर उपाय म्हणून डोंगराच्या कडेने मुंब्रा बायपास काढला. न्हावाशेवा बंदरातून भिवंडीकडे, नाशिककडे, गुजरातकडे जाणारे कंटेनर गावातून जाऊ नयेत, हा हेतू होता आणि तो रास्तच होता. मला आठवतं, सुरुवातीला आम्ही बायका बायपासवर फिरायलासुद्धा जायचो. हवा छान यायची! पण काही वर्षांतच बायपासच्या वरही वस्ती झाली आणि खालीही. ज्याला कौशात भाडं परवडत नाही तो डोंगरावर चढतो, हा इथला साधा नियम आहे. आता वरची मुलं शाळेत यायला तोच बायपास ओलांडतात. पावसाळ्यात कधी डोंगराची माती रस्त्यावर येते. २०१८ साली मे महिन्यात हा रस्ता दुरुस्तीसाठी बंद केला, तो सप्टेंबरात उघडला. ते चार महिने ठाणे, ऐरोली, कल्याण, सगळीकडची वाहतूक विस्कटली होती. तेव्हा बातम्यांत 'मुंब्रा' हा शब्द जितका आला तितका एरवी येत नाही. पण बातमी कंटेनर अडल्याची होती. आमचं काय चाललंय हे कुणी विचारलं नाही.

आता आजूबाजूला पाहा. ऐरोली ते काटई नाका असा सुमारे बारा किलोमीटरचा उन्नत मार्ग, त्यासाठी पारसिकच्या डोंगरात बोगदा. वाय जंक्शनला उड्डाणपूल, शीळफाट्याला उड्डाणपूल. शीळ-कल्याण रस्ता सहापदरी. तिकडे माजिवड्यापासून वडप्यापर्यंतचा नाशिक महामार्ग आठपदरी, शिवाय दोन्ही बाजूंना सेवा रस्ते. आणि नागपूरहून ७०१ किलोमीटर धावत आलेला समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे येऊन संपतो. आमच्या जिल्ह्यात एवढं काँक्रीट एका वेळी कधी ओतलं गेलं नसेल.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. ९ जूनला सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या, आणि दोन्हींच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली. पाच जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. जिल्हा तोच. मध्ये चार दिवसांचं अंतर. पहिल्या बातमीत मुंबई-नागपूर आठ तासांत पोचण्याचा आनंद होता. दुसरीतली माणसं कामावर वेळेत पोचायला निघाली होती. मी दोन्ही बातम्या वर्गात वाचायला दिल्या होत्या, बातमीलेखनाचा नमुना म्हणून. दुसरी वाचताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, माझे मामू त्याच गाडीत असतात. त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता." वर्गात कुणी काही बोललं नाही. मीही पुढच्या धड्याकडे वळले. दुसरं काय करणार होते?

हे मी रस्त्यांच्या विरोधात लिहिते आहे असं कुणी समजू नये. माझं माहेर माणगाव तालुक्यातलं, मुंबई-गोवा रस्त्यावरचं. रस्ता न होणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पनवेल-इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं तेव्हा माझा थोरला मुलगा बालवाडीत होता. तो कॉलेजात गेला तरी माहेरी जाताना मी पिशवीत उलटीच्या गोळ्या ठेवतेच, आणि गणपतीच्या दिवसांत माणगावच्या बाजारपेठेतली कोंडी दरवर्षी बातम्यांत असतेच. बाळंतिणीला, हृदयविकाराच्या रुग्णाला खड्ड्यांतून नेताना काय होतं ते मी पाहिलं आहे. रस्ता हवाच. प्रश्न असा आहे की तो झाल्यावर वाचलेला वेळ कुणाच्या खिशात जातो.

भिवंडीचं उदाहरण घेऊ, कारण आमची निम्मी पोरं तिकडेच जातात. भिवंडी म्हटलं की जुन्या लोकांना यंत्रमाग आठवतात. गोदामं का आली? मुंबईत माल आणला की जकात लागायची. भिवंडी शहराबाहेरची गावं ग्रामपंचायतीत, तिथे जकात नाही. मग व्यापाऱ्यांनी माल तिथेच उतरवून ठेवायला आणि लागेल तसा शहरात न्यायला सुरुवात केली. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, मानकोली इथल्या भातशेतीत पत्र्याचे गाळे उभे राहिले. २०१७च्या जुलैत वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली. तरी गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. दर राज्यात वेगळं गोदाम ठेवायचं कारण संपल्यावर कंपन्यांना थोडी पण अवाढव्य गोदामं हवी होती, आणि त्यासाठी महामार्गाला लागून मोकळी, स्वस्त जमीन हवी होती. ती मानकोलीला महाग झाली की पडघ्याकडे. पडघ्याला महाग झाली की आणखी पुढे.

माझा एक जुना विद्यार्थी तिथे रात्रपाळीला आहे. मोबाइलवर ऑर्डर आली की रॅकमधून वस्तू शोधून टोपलीत टाकायची, हे त्याचं काम. तासाला किती वस्तू काढल्या ते यंत्रावर दिसतं, कमी पडल्या की सुपरवायझर येतो. तो ठेकेदाराकडे आहे, कंपनीकडे नाही. ईदच्या आदल्या रात्री बाजारात भेटला. मी विचारलं, "काय रे, आता रस्ता आठपदरी होतोय. लवकर पोचत असशील?"

हसला. म्हणाला, "टीचर, रस्ता मोठा होतोय म्हणून सध्या अर्धा तास जास्त लागतो."

"अरे, पण झाल्यावर?"

"झाल्यावर ठेकेदार पडघ्याच्या पुढच्या गोदामात टाकणार. बोललाय तो आधीच. म्हणतो, अब तो रोड बन गया, क्या प्रॉब्लेम है!"

मला वाटतं, एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. रस्ता रुंद झाल्याने नोकरी जवळ येत नाही. नोकरी तेवढीच पुढे सरकते. माणूस घरातून निघतो त्याच वेळी निघतो, परततो त्याच वेळी परततो. फक्त मधलं अंतर वाढतं, पेट्रोल वाढतं, मोटारसायकलचा हप्ता वाढतो आणि जोखीम वाढते. वाचलेला वेळ मालकाला स्वस्त जमिनीच्या रूपात मिळतो. कामगाराच्या वाट्याला एक जास्तीचा टोलनाका येतो, दुचाकीला टोल नसतो एवढंच काय ते सुख. रेल्वेने मुंबईला जाणाऱ्याकडे निदान महिन्याचा पास असायचा. गोदामाच्या गेटपर्यंत ना लोकल जाते, ना धड बस. म्हणून पहिला पगार हातात येण्याआधीच पोरगा कर्जावर गाडी घेतो. त्याची अम्मी रात्री दोन वाजता जागी असते, तिचा हिशेब तर कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो.

मुलींचं सांगायलाच हवं, कारण आमच्या शाळेत दहावीला पहिल्या पाचात बहुतेक मुलीच असतात. एक हुशार मुलगी बी.कॉम. झाली. ऐरोलीच्या एका कंपनीत तिला काम मिळालं. कागदावर ऐरोली आमच्यापासून डोंगराच्या पलीकडे आहे. पाळी संध्याकाळची, सुटायला रात्रीचे अकरा. कंपनीची गाडी बाकीच्यांना दारात सोडायची, हिला मात्र अलीकडच्या नाक्यावर. ड्रायव्हर म्हणे मुंब्र्याच्या आत येत नाही. तिने तक्रार केली तर उत्तर मिळालं की तो भाग 'यादीत नाही'. वडील रोज रात्री स्कूटर घेऊन नाक्यावर उभे राहू लागले. त्यांचा स्वतःचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. सात महिने त्यांनी हे केलं. मग मुलीनेच नोकरी सोडली. शेजारणी म्हणाल्या, बघा, बापाने बसवली घरी. मला त्या बापाचा आणि मुलीचा, दोघांचा अपमान झाल्यासारखं वाटलं. मुस्लिम मुली नोकरी का करत नाहीत यावर चर्चासत्रं होतात. हिजाब, मौलाना, पुरुषप्रधानता, सगळं निघतं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण रात्री सव्वाअकराला शीळफाट्यावरून कौशाला येणारी, दिवे असलेली एक बस असती तर ती मुलगी आज टीम लीडर असती. डोंगराला बोगदा पाडायला आपल्याकडे पैसे आहेत, त्या बोगद्यातून जाणाऱ्या बसचं वेळापत्रक कुणी लिहायला घेतलेलं मला दिसत नाही.

आणि मोहल्ला? मोहल्ला चालतो तो रिकाम्या वेळावर. असरनंतर चहाच्या हॉटेलात बसणारी माणसं, कुणाच्या पोराची फी थकली आहे, कुणाच्या घरात भांडण आहे, कुणाला रक्त हवं आहे, हे त्या वेळात कळायचं. आता असरच्या वेळी हॉटेलात म्हातारे आणि बेकार एवढेच. मागच्या वर्षी आमच्या इमारतीत एका वृद्ध बाईंचं निधन झालं. दुपारी चारचा जनाजा ठरला होता, तो इशानंतर केला. जवळचे चौघे भाचे चार दिशांच्या महामार्गांवर अडकले होते. पालकसभेला मी सकाळी अकराची वेळ देते तर आया येतात, संध्याकाळी सातची दिली तरी आयाच येतात. रविवारी बोलावलं तर वडील येतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेतात. मी त्यांना उठवत नाही.

रमजानमध्ये मात्र उलटं दृश्य दिसतं. मगरिबच्या वेळी कौसा नाक्यावर गाड्यांची रांग लागलेली असते, आणि आमची पोरं खजूर आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गाड्यांच्या खिडक्यांशी धावतात. ट्रकचालक सरदारजी असो, सातारचा असो, की आपलाच असो, प्रत्येकाच्या हातात खजूर. रस्त्याने आमच्यापासून माणसं तोडली, तशी अर्ध्या तासापुरती का होईना, जोडलीही. हे मी नाकारणार नाही.

रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिली हातगाडी उचलली जाते. इथे जरा आकडे सांगते. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात नोंद आहे की काम करणाऱ्या मुस्लिम पुरुषांपैकी १२ टक्क्यांहून अधिक लोक रस्त्यावर विक्री करून जगतात, देशाची एकंदर सरासरी ८ टक्क्यांहून कमी आहे. म्हणजे पदपथावरच्या प्रत्येक कारवाईत आमच्या समाजाचा वाटा मोठा असतो, मग कारवाई करणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो. पण नुसता आमचाच नव्हे. आमच्या बाजारात डायघरहून येणाऱ्या आगरी मावशी आहेत. मुळा, माठ, भेंडी घेऊन पहाटे येतात. माझी नेहमीची मावशी म्हणते, "बाई, आमची शेती पयली गेली रस्त्यात, आता बसाची जागा पन रस्त्यातच चालली." मावशीच्या कुटुंबाला जमिनीचे पैसे मिळाले, ते भावांच्या नावावर गेले. टोपलीवर मात्र तीच बसते.

२०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की आधी सर्वेक्षण करा, विक्रेत्यांना प्रमाणपत्रं द्या, तोपर्यंत कुणाला हटवू नका. नगर पथविक्रेता समितीत खुद्द विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या. हा कायदा आमच्या किती फेरीवाल्यांना माहीत आहे? मी विचारून पाहिलं. सफरचंद विकणारा एक म्हणाला, "मॅडम, कायदा वगैरे नको, गाडी उचलायच्या आदल्या दिवशी कुणीतरी सांगावं, बस्स." सांगणारा कोण असतो आणि तो सांगण्याचे किती घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता आपल्याकडेही वळते, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल आणि मला वर्गात तोंड दाखवता येणार नाही. रस्ता अडवण्यात आपण कुणापेक्षा मागे नाही. पक्क्या दुकानाचा मालक दुकानापुढे सहा फूट पत्रा काढतो, त्यापुढे स्टूल मांडतो, आणि त्याहीपुढची जागा हातगाडीवाल्याला भाड्याने देतो. जुम्याला मशिदीसमोर तीन रांगांत मोटारसायकली लागतात, आणि त्याच वेळी अॅम्ब्युलन्स भोंगा वाजवत उभी असते. आत खुतब्यात शेजाऱ्याच्या हक्कावर बयान चालू असतं. वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हे सदका आहे, ही हदीस आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. आणि रुंदीकरणाची नोटीस आली की पहिला मेसेज फिरतो, 'हे आपल्याला हटवण्यासाठी आहे.' कधी कधी ते खरंही असतं. पण दर वेळी तेच म्हटल्याने खऱ्या वेळेलाही कुणी ऐकत नाही. शिवाय या ओरड्याचा फायदा पत्रेवाल्याला होतो. समाजाच्या नावाने वाचतो तो त्याचा पत्रा. हातगाडी तर उचलली गेलेलीच असते.

म्हणून आपण रस्त्याला होकार की नकार एवढ्यावरच भांडतो, ते मला चुकीचं वाटतं. रस्ता होणारच आहे. त्यात आपलं काय, ते मागायला शिकलं पाहिजे. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलं आहे की रस्त्याच्या जागेची वाटणी करताना लक्ष वाहनांवर नको, माणसांवर हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. माझ्या शाळेसमोर मी पट्टी घेऊन मोजली नाही, पण दोन मुली हात धरून शेजारी शेजारी चालू शकत नाहीत एवढं डोळ्यांना दिसतं. कोट्यवधींच्या उड्डाणपुलाखाली शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडायला पांढरे पट्टेसुद्धा नसावेत, याची लाज आधी पालिकेला वाटली पाहिजे आणि मग ते न मागणाऱ्या आपल्याला. गोदामांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. त्या वेळांना मुंब्र्याहून मानकोली-पडघ्याकडे ठाणे परिवहनच्या गाड्या सोडा, महाप्याकडे नवी मुंबईच्या सोडा, असं निवेदन आजवर आपल्या किती जमातींनी, किती मंडळांनी दिलं? कमानी उभारायला वर्गणी निघते. नेत्याच्या वाढदिवसाचे बॅनर महामार्गाच्या दुभाजकावर लागतात, वळणावरचं दिसेनासं होतं. बसची मागणी कुणाच्या बॅनरवर मी वाचलेली नाही.

मागे एका बैठकीत हे बोलले तर एक बुजुर्ग म्हणाले, "बेटी, बस से क्या होगा, हमारे लडकों को तो नोकरी चाहिये." मी त्यांना म्हटलं, "चाचा, नोकरी आहे. तिथपर्यंत जिवंत पोचायचं आणि जिवंत परतायचं आहे." ते गप्प झाले. त्यांचा नातू बायपासवर पडून तीन महिने पायात सळई घालून घरी होता, हे मला नंतर कळलं. कळलं असतं तर मी इतकं थेट बोलले नसते.

नववीला औपचारिक पत्रलेखन असतं. नमुन्यात नेहमी 'शाळेसाठी रोपे मागवा' किंवा 'ग्रंथालयास पुस्तकांची मागणी करा' असे विषय असतात. यंदा मी विषय बदलला : शाळेसमोर रस्ता ओलांडण्यासाठी पट्टे, गतिरोधक आणि सकाळी शाळेच्या वेळेला वाहतूक पोलीस मिळावा, म्हणून माननीय आयुक्तांना पत्र. दुसरा पर्याय, रात्री पाळीवरून परतणाऱ्यांसाठी बस मिळावी, म्हणून परिवहन व्यवस्थापकांना पत्र. मुलांनी 'महोदय' आणि 'आपला विश्वासू' व्यवस्थित लिहिलं, मजकुरात मात्र व्याकरणाची धूळधाण होती. एकीने लिहिलं होतं, "माझे अब्बू रात्री येतात तेव्हा रस्त्यावर अंधार असते आणि मोठी गाडी असते. कृपया बस द्या. अब्बू बसमध्ये झोपून येतील." 'असते'खाली मी लाल रेघ मारली आणि पूर्ण गुण दिले.

त्यातली बरी वाटणारी अकरा पत्रं निवडली, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून घेतली, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही कार्यालयांत स्वतः देऊन आले. एका ठिकाणी आवक क्रमांक लगेच मिळाला. दुसऱ्या ठिकाणी बाबू म्हणाले, ठेवून जा. मी म्हटलं, शिक्का मिळाल्याशिवाय जाणार नाही, मुलांना दाखवायचा आहे. पाऊण तासाने मिळाला. दोन्ही पोचपावत्यांच्या झेरॉक्स वर्गाच्या फलकावर लावल्या आहेत. महिना झाला की स्मरणपत्र कसं लिहायचं, तो पुढचा धडा घेणार आहे.